मोठे टायर बसवले, पण गिअरचे काय?
प्रतिनिधी

पावसाळा सुरू झाला की मुंबई-पुण्यातील भटक्या चालकांची पावले लोणावळा, मुळशी, इगतपुरी परिसरातील चिखलवाटांकडे वळतात. २ ऑक्टोबर २०२० रोजी महिंद्राची नवी थार बाजारात आली. त्यानंतर फोर बाय फोर गाडी हा प्रकार मूठभर हौशींच्या वर्तुळातून बाहेर पडून गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळांत दिसू लागला. गाडी घेतल्यानंतरचा पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा टायरवर होतो. कंपनीने दिलेल्यापेक्षा दोन-चार इंच मोठे, खोल खाचांचे टायर बसवले की गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. मात्र काही दिवसांतच एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी चढावर ओढत नाही, वरच्या गिअरात दम धरत नाही, घाटात क्लचचा वास येतो. मग फिल्टर बदलले जातात, इंजेक्टर तपासले जातात, इंजिन ट्यून करून घेतले जाते. प्रत्यक्षात इंजिन ठणठणीत असते. बिघडलेले असते ते इंजिन आणि जमीन यांच्यामधले गणित, आणि त्याचा दुरुस्तीचा मार्ग बॉनेटखाली नव्हे, तर ॲक्सलच्या पोटात असतो.

चाक हाही एक गिअरच

इंजिनातून निघालेली ताकद आधी गिअरबॉक्समधून जाते, फोर बाय फोर गाडीत पुढे ट्रान्स्फर केसमधून जाते आणि प्रॉपेलर शाफ्टमार्गे ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शियलपर्यंत पोहोचते. तेथे एक लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, एका मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राऊनला, फिरवते. गॅरेजमध्ये या जोडीला 'क्राऊन-पिनियन' असे एकाच दमात म्हणतात. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ११ दात असतील, तर क्राऊनचा एक फेरा पूर्ण व्हायला पिनियनला पावणेचारच्या आसपास, नेमके सांगायचे तर ३.७३ फेरे घ्यावे लागतात. हेच त्या ॲक्सलचे गिअर गुणोत्तर. या टप्प्यावर वेग ३.७३ पटींनी घटतो आणि पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास तितक्याच पटींनी वाढतो.

या साखळीतला शेवटचा दुवा मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे टायर. ३१ इंच व्यासाचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.४७ मीटर अंतर कापतो. ३५ इंचांचा टायर कापतो २.७९ मीटर. म्हणजे इंजिनाला काही कळायच्या आत त्याच्यावर प्रत्येक फेऱ्यामागे ३२ सेंटिमीटर जास्त चालण्याची सक्ती झालेली असते. सायकलवरून जाताना चढ आला आणि नेमका तेव्हाच कोणी तरी मागचे दातेरी चाक काढून लहान चाक बसवले, तर पायांची जी गत होईल, तीच इंजिनाची होते.

आकड्यांत सांगायचे, तर ३.७३ गुणोत्तराच्या ॲक्सलवर ३१ ऐवजी ३५ इंची टायर चढवले की ते ॲक्सल ३.३० गुणोत्तराचे असल्यासारखे वागू लागते. जमिनीवर मिळणारी ओढ अकरा टक्क्यांहून अधिक घटते. शिवाय मोठा टायर जड असतो आणि त्याचे वजन मध्यापासून दूर, कडेला असते. त्यामुळे त्याला फिरते करायला आणखी जोर लागतो, तो वेगळाच.

डिझेल गाडीत हा फरक विशेष जाणवतो. थारच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाचा कमाल ३०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २८०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो, असे कंपनीचे आकडे सांगतात. समजा, एखादी डिझेल गाडी घाटात ठरावीक वेगाने १७०० फेऱ्यांवर चढत होती. त्याच वेगाला, त्याच गिअरात, मोठ्या टायरवर तिचे इंजिन जेमतेम १५०० फेऱ्यांवर येते. म्हणजे टर्बोचा जोर जिथे भरात येतो, त्या पट्ट्याच्या खाली ती घसरते. चालक एक गिअर खाली टाकतो, तर इंजिन ओरडू लागते. वर टाकतो, तर ते गुदमरते. ऑटोमॅटिक गाडीत हीच ओढाताण गिअरबॉक्स स्वतः करतो. तो सतत वरखाली करत राहतो आणि टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल तापत जाते. मॅन्युअल गाडीत हा ताण क्लचवर येतो. चिखलात किंवा दगडांवर अगदी सावकाश पुढे सरकायचे, तर क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो, आणि मग तो वास येतो.

मग मोठे टायर लावायचेच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केवळ रुबाब असे नाही. गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगांखाली ठोकळे घालण्याचा किंवा उंच स्प्रिंग बसवण्याचा मार्ग अनेक जण पत्करतात. त्याने बॉडी आणि चासी वर जाते, पण सलग ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. वाटेतला दगड आधी आदळतो तो त्याच गोळ्यावर. तो गोळा जमिनीपासून वर नेण्याचा साधा उपाय एकच, मोठे चाक. टायरचा व्यास चार इंचांनी वाढला की ॲक्सल दोन इंचांनी वर जाते. युनिमॉगसारख्या वाहनांत चाकाजवळ स्वतंत्र गिअर देऊन ॲक्सलच उंचावर नेलेले असते. पण ती रचना महागडी आणि वेगळ्याच जगातली. म्हणूनच खडकाळ वाटांवर खरोखर जाणाऱ्याला मोठा टायर हवासा वाटतो. आक्षेप टायरला नाही. आक्षेप आहे तो निम्मेच काम करून थांबण्याला.

गाडी तयार करणाऱ्या कंपन्या हे निम्मे काम करत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. जीपच्या रँग्लर रुबिकॉन या मॉडेलला सुमारे ३३ इंची टायर आणि ४.१० गुणोत्तराची ॲक्सल मिळतात. याच गाडीची जुळवणी कंपनीने २०२१ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगाव येथे सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत कंपनीने रुबिकॉनसाठी 'एक्स्ट्रीम रिकॉन' हा संच आणला आणि त्यात कारखान्यातूनच ३५ इंची टायर दिले. त्याबरोबर ॲक्सलचे गुणोत्तरही ४.१० वरून ४.५६ केले. निव्वळ त्रैराशिक मांडले, तर ४.३५ पुरेसे होते. कंपनीने त्याहून आखूड गिअर निवडला, कारण टायर केवळ मोठा नव्हे, तर जडही होणार होता.

याहून जुने उदाहरण आपल्या ओळखीच्या जीपचेच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी या लष्करी जीपच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.८८ होते. युद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, कंपनीने तिची नागरी आवृत्ती सीजे-२ए शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली. इंजिन त्याच जातकुळीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे. टायरही त्याच मापाचे. पण नांगर ओढायचा म्हणून गुणोत्तर ५.३८ केले गेले. पुढे मुंबईत महिंद्राने ज्या विलीज घराण्याच्या जीपगाड्या बनवल्या, त्या याच परंपरेतल्या. जुन्या जीपगाड्या चढावर बैलासारख्या ओढतात आणि महामार्गावर साठच्या पुढे कण्हू लागतात, याचे बरेचसे उत्तर या एका आकड्यात आहे.

आकडा कसा ठरवावा

हिशेब शाळकरी आहे. जुने गुणोत्तर गुणिले नव्या टायरचा व्यास, भागिले जुन्या टायरचा व्यास. टायरचा व्यास काढण्यासाठी त्याच्या कडेवरचे अंक पुरतात. २५५/६५ आर १८ असे लिहिले असेल, तर रुंदी २५५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १८ इंचांची. दोन्ही कडा आणि रिम मिळून व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच भरतो. आता वरच्या उदाहरणात ३.७३ ला ३५ ने गुणून ३१ ने भागले, तर ४.२१ येते. पण गिअर काही मापे घेऊन शिवून मिळत नाहीत. दातांची संख्या पूर्णांकातच असणार, आणि बाजारात मिळतात ती ठरावीक गुणोत्तरे. ४१ दातांच्या क्राऊनबरोबर ११ दातांचा पिनियन ३.७३ देतो, १० दातांचा ४.१० आणि ९ दातांचा ४.५६. म्हणजे निवड ४.१० आणि ४.५६ यांच्यात करावी लागते.

ताशी ८० किलोमीटर वेगाला, सरळ एकास एक असलेल्या गिअरात, मूळ गाडीचे इंजिन २०१० फेऱ्यांवर चालत होते. मोठ्या टायरनंतर ते १७८० वर आले. ४.१० बसवले तर १९६० वर जाईल आणि ४.५६ बसवले तर सुमारे २१८० वर. रोज महामार्गावर धावणाऱ्या गाडीला पहिला पर्याय बरा. घाट, सामान आणि दगडवाटा हेच ज्याचे क्षेत्र, त्याने दुसरा निवडावा. दोन्हींच्या मधला आकडा आल्यास जडपणाचा विचार करून आखूड गिअरकडे झुकावे, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात आणि रँग्लरचे उदाहरणही तेच सांगते. येथे एक शब्दच्छल लक्षात ठेवावा. गुणोत्तराचा आकडा मोठा म्हणजे गिअर 'लो' किंवा आखूड. गॅरेजमध्ये नुसते 'वरचा गिअर टाका' असे सांगितले, तर नेमके उलटे काम होऊ शकते. म्हणून आकडाच बोलावा.

फायद्याबरोबर त्याची किंमतही समजून घ्यायला हवी. घराची जागा तेवढीच असताना गुणोत्तर वाढवायचे, तर पिनियन लहान होतो. दात कमी, एका वेळी एकमेकांत अडकणारा भागही कमी. त्यामुळे फार मोठ्या गुणोत्तराची जोडी तुलनेने नाजूक ठरते. शिवाय पिनियन बारीक झाला की क्राऊनला त्याच्या दिशेने सरकावे लागते. म्हणून अनेक ॲक्सलांत ठरावीक गुणोत्तराच्या पुढे क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरिअरही बदलावा लागतो. अमेरिकी डाना ४४ ॲक्सलमध्ये ही सीमारेषा ३.७३ आणि ३.९२ यांच्या मधोमध आहे. ही गोष्ट आधी विचारली नाही, तर जोडी घरी येते आणि बसतच नाही.

केसाएवढ्या अंतराचे काम

गिअर बदलणे म्हणजे चार बोल्ट काढून नवा भाग बसवणे, असा समज असेल तर तो काढून टाकलेला बरा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोन्हींवर जुळणारे क्रमांक कोरलेले असतात. एका जोडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन असा संसार टिकत नाही. बहुतेक ॲक्सलांत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाच्या थेट रेषेत नसतो, थोडा बाजूला सरकवलेला असतो. या हायपॉइड रचनेत दात एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर घासत सरकतातही. त्यामुळेच तेथे जीएल-५ दर्जाचे, तीव्र दाब सहन करणारे तेल लागते आणि म्हणूनच बसवण्यातली चूक माफ होत नाही.

तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली, पिनियन क्राऊनच्या किती आत शिरतो ती खोली. ही पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, घालून वा काढून ठरते. दुसरी, दोन्हींच्या दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश. अनेक ॲक्सलांत ही मोकळीक मिलिमीटरच्या पंधरा ते पंचवीस शतांशांइतकीच अपेक्षित असते आणि ती डायल गेज लावूनच मोजता येते. हाताने हलवून 'ठीक वाटते' असे म्हणणे चालत नाही. तिसरी, बेअरिंगांवरचा आधीचा ताण. तो कमी पडला तर पिनियन जोराखाली हलतो, जास्त झाला तर बेअरिंग तापून जळते.

हे सारे जुळले की नाही, याचा निवाडा रंग करतो. क्राऊनच्या काही दातांवर रंगाचा पातळ लेप लावतात, पिनियन फिरवतात आणि दातावर उमटलेला ठसा पाहतात. ठसा दाताच्या मध्यावर हवा. तो बुडाशी गेला तर पिनियन जास्त आत शिरला आहे, माथ्यावर गेला तर बाहेर राहिला आहे. मग पुन्हा बेअरिंग काढा, शिम बदला, बसवा, रंग लावा. एकेका ॲक्सलसाठी हा खेळ चार-पाच वेळा होणे नवलाचे नाही. कुशल हात आणि घाईचा हात यांतला फरक येथेच दिसतो. घाईने बसवलेली जोडी आधी ठरावीक वेगाला रडू लागते, विमानासारखा आवाज करते, आणि तो आवाज दुर्लक्षिला तर दात तुटून मागचे चाक चालत्या गाडीत जखडू शकते. गॅरेजची निवड करताना ठशाचे छायाचित्र आणि मोकळिकीचा आकडा लेखी द्याल का, एवढे विचारावे. उत्तर देताना चेहरा कसा होतो, त्यावरून बरेच कळते.

नव्या जोडीला रुळायलाही वेळ द्यावा लागतो. पहिल्यांदा वीस-तीस किलोमीटर हलक्या पायाने चालवून ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्यायचे, सुरुवातीचे काही शे किलोमीटर ओझे ओढायचे नाही, आणि साधारण आठशे किलोमीटरनंतर तेल बदलायचे. पहिल्या तेलात धातूची बारीक चकाकी दिसली तर घाबरू नये. तुकडे दिसले तर मात्र गाडी पुढे नेऊ नये.

एक नव्हे, दोन ॲक्सल

फोर बाय फोर गाडीत हा सारा खटाटोप दोनदा करावा लागतो, आणि येथेच पैसे वाचवण्याचा मोह होतो. मागचे बदलू, पुढचे नंतर पाहू, असे म्हणून चालत नाही. पुढे ४.१० आणि मागे ४.५६ अशी स्थिती असेल, तर फोर बाय फोर लावताच दोन्ही ॲक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात. कोरड्या रस्त्यावर हा ताण ट्रान्स्फर केस आणि शाफ्ट पिळवटून टाकतो. चिखलात एखाद्या जोडीची चाके सतत घसरत राहतात. मग फोर बाय फोरचा लिव्हर असून नसल्यासारखाच. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाड्यांत, आणि नवी थार त्यांपैकीच आहे, पुढच्या डिफरन्शियलसाठी योग्य गुणोत्तराची जोडी मिळते का, हे टायर विकत घेण्याआधीच पाहायला हवे. अमेरिकी गाड्यांसाठी डझनभर पर्याय असतात, आपल्याकडच्या गाड्यांसाठी ते मोजके आहेत.

ट्रान्स्फर केसमधले गिअर बदलणे हा आणखी एक मार्ग आहे. आपल्या जिप्सीच्या कुळातल्या सुझुकी सामुराईवर परदेशी हौशी तो सर्रास वापरतात. एकच पेटी उघडायची, दोन्ही ॲक्सलांना सारखाच लाभ, आणि रंगाच्या ठशांची कटकटही नाही. तोटा असा की वाढलेला पीळ पुढच्या सगळ्या शाफ्टांना आणि जुन्या क्राऊन-पिनियनला सोसावा लागतो. ॲक्सलमध्येच गुणोत्तर वाढवले, तर वाढीव पीळ अगदी शेवटी तयार होतो आणि आधीचे भाग सुटतात.

जे गिअरने सुटत नाही

गिअर बदलल्याने इंजिनाची ओढ परत येते, उतारावरचा इंजिनाचा अटकावही परत येतो. ब्रेक मात्र परत येत नाहीत. डिस्क तीच, पॅड तेच, पण चाकाची भुजा लांबली. त्यामुळे पेडलवर तेवढाच जोर दिला तर जमिनीवर मिळणारा रोध त्याच अकरा टक्क्यांनी घटतो. भरलेली गाडी घाटातून उतरवताना हा फरक किरकोळ नाही. स्टिअरिंगचे सांधे, चाकाचे बेअरिंग, ॲक्सल शाफ्ट यांच्यावरचा भारही वाढलेलाच राहतो.

स्पीडोमीटरचे दुखणे वेगळे. ३१ च्या जागी ३५ इंची टायर असताना काटा ८० दाखवतो, तेव्हा गाडी खरे तर ताशी ९० किलोमीटरने धावत असते. वेग ट्रान्स्फर केसपाशी मोजणाऱ्या जुन्या गाड्यांत ॲक्सलचे गुणोत्तर बदलले की ही चूक बहुतांशी आपोआप दुरुस्त होते. चाकापाशी मोजणाऱ्या नव्या गाड्यांत होत नाही. तेथे संगणकात टायरचे माप नव्याने भरावे लागते. मोठ्या टायरने मायलेज कोसळले, या तक्रारीतही थोडी गंमत आहे. मायलेज घटते हे खरे, पण मीटर ११३ किलोमीटरची वाट १०० च मोजत असतो, त्यामुळे ती घट असते त्याहून भयंकर दिसते.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गिअर बाहेरून दिसत नाही. मडगार्डबाहेर आलेला टायर पोलिसाला दुरूनच दिसतो. अपघात झाल्यास विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचा विषय होऊ शकतो. त्यामुळे कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीला दिलेला टायर बसवून थांबणे हा शहरातल्या बहुसंख्य मालकांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. व्यासात तीन-चार टक्क्यांची वाढ गाडी निमूटपणे सोसते. वाढ दहा टक्क्यांच्या घरात गेली, की टायरच्या खर्चात दोन क्राऊन-पिनियन, बेअरिंग, सील आणि मजुरी मिळवूनच अंदाजपत्रक मांडावे.

जुनी, आधीच बदल केलेली फोर बाय फोर विकत घेणाऱ्यांनी तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना अटकाव लावावा, मागचे ॲक्सल जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक सोडावा. मग मागची दोन्ही चाके बरोबरीने एक पूर्ण फेरा फिरवत प्रॉपेलर शाफ्टवर खडूने केलेली खूण किती वेळा फिरते ते मोजावे. चाराला थोडे कमी भरले तर ३.७३, चाराहून किंचित जास्त भरले तर ४.१०, साडेचारच्या थोडे पुढे गेले तर ४.५६. त्यानंतर अटकाव मागच्या चाकांना लावून हेच पुढच्या ॲक्सलवर करावे, पुढचे हब जोडलेले आहेत याची खात्री करून. दोन्हीकडे वेगळा आकडा आला, तर त्या गाडीचा फोर बाय फोर लिव्हर ओढून पाहण्याच्या भानगडीत न पडता व्यवहार तिथेच थांबवावा.